आंब्याच्या काटकीवर दोन बुरश्या, की एकच?

मे महिन्यात आतेभावाचा फोन आला तो तक्रार घेऊनच. "अगो, पुण्याला पाठवलेल्या पेट्यांतलं फळ देठाकडनं काळं पडतंय. गिऱ्हाईक पैसे परत मागतंय." त्याची हापूसची बाग रत्नागिरी तालुक्यात आहे, मी पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवते. त्यामुळे आंब्याला काहीही झालं की पहिला फोन मला आणि दुसरा फवारणीच्या दुकानदाराला. ह्या खेपेला क्रम उलटा होता. दुकानदाराने आधीच "करपा" असं सांगून औषध दिलं होतं आणि तीन फवारण्या होऊनही फरक नव्हता.

बोलता बोलता तो सहज म्हणाला, "फांद्यांचे शेंडेही वाळतायत, पण ते दरवर्षीचंच." मला ते दरवर्षीचंच जास्त खटकलं. म्हटलं, दादा, वाळलेल्या काटक्या पाठव.

पहिलं पार्सल फुकट गेलं. त्याने काटक्या ओल्याच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पाठवल्या. उघडल्या तेव्हा त्यांच्यावर हिरव्या बुरशीचं गालिचासारखं आवरण होतं. ती वाटेत वाढलेली. झाडाच्या दुखण्याशी तिचा काही संबंध नाही. दुसऱ्यांदा नीट सांगितलं: वर्तमानपत्रात गुंडाळ, प्लास्टिक नको, आणि पूर्ण मेलेल्या काटकीबरोबर अर्धी जिवंत अर्धी वाळलेली अशीही चार-पाच टाक, म्हणजे सीमा दिसेल. ती सीमा पुढे फार उपयोगी पडली. मधल्या काळात मी पुण्यातल्या त्याच गिऱ्हाइकाकडे जाऊन काळी पडलेली दोन फळं मागून आणली. ती देताना त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते सोडून देऊ.

मायक्रोस्कोपखाली काहीही ठेवण्याआधी दहा पटीच्या हातभिंगाने काटकी फिरवून बघायची, हा आमच्या प्रयोगशाळेतला नियम आहे. विद्यार्थ्यांना तो कंटाळवाणा वाटतो. आमची एमएस्सीची मुलगी पहिल्याच काटकीवर ओरडली, "मॅडम, काळ्या रेघा आहेत, वळवळीत, कोणीतरी लिहिल्यासारख्या!" त्या रेघा म्हणजे ग्राफिस नावाचं दगडफूल. कोकणात आंब्याच्या सालीवर करड्या-पांढऱ्या पापुद्र्यात ते सर्रास दिसतं आणि झाडाचं काही बिघडवत नाही. दुसऱ्या काटकीवरचे तपकिरी ठिपके सुईच्या टोकाने अख्खे उचलून आले, खाली साल स्वच्छ. ती खवले कीड. तिसरीवरचा काळा थर ओल्या कापसाने पुसला गेला. ती काजळी, तुडतुड्यांच्या चिकट्यावर वाढणारी. म्हणजे ज्याला शेतकरी आणि दुकानदार सरसकट "काळे डाग" म्हणतात त्यातल्या तीन गोष्टी मायक्रोस्कोप न लावताच बाजूला झाल्या.

चौथा प्रकार मात्र पुसला जाईना, उचलला जाईना. मेलेल्या सालीत खसखशीपेक्षा लहान काळे फुगीर उंचवटे होते. साल त्यांनी आतून ढकलून फाडलेली आणि फाटीच्या कडा बाहेर वळलेल्या. काही उंचवटे एकएकटे, काही घोळक्याने.

ह्या काटकीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले आणि झाकणाच्या डब्यात ओल्या टिपकागदावर ठेवले. दोन दिवसांनी उंचवट्यांवर उंदराच्या रंगाची बारीक लव आली. चौथ्या दिवशी काहींच्या तोंडाशी पांढुरका चिकट थेंब दिसला, तर काहींच्या भोवती काळी पूड सांडलेली.

आता आम्ही काय केलं ते जसंच्या तसं सांगते, कारण चूक इथेच झाली.

मुलीने पांढुरक्या थेंबातलं सुईवर घेतलं, मी काळी पूड घेतली. प्रयोगशाळेत दोन मायक्रोस्कोप आहेत, एक जुना, एक दोन वर्षांपूर्वी घेतलेला. मी सवयीने जुन्यावर बसले, ती नव्यावर. दोघींनी पाण्यातच स्लाइड केली. लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू नंतर. त्या निळ्या रंगाने पारदर्शक बीजाणू छान उठून दिसतात हे खरं, पण त्याने बीजाणूचा मूळ रंग झाकला जातो आणि काही बीजाणू आकसतातही. पहिली नजर पाण्यातच टाकावी.

तिला दिसले ते बीजाणू रंगहीन, एकपेशीय, लांबट गोल, जाड भिंतीचे, आत दाणेदार द्रव्य. मला दिसले ते गडद तपकिरी, मध्ये एक आडवा पडदा, म्हणजे दोन पेशींचे. मापंही वेगळी निघाली. तिच्या तीस बीजाणूंची सरासरी 18 मायक्रॉन लांब आणि 9.5 रुंद. माझ्या तीस बीजाणूंची 26 लांब आणि 13.5 रुंद. रंग वेगळा, पेशींची संख्या वेगळी, आकार जवळपास दीडपट. वहीत तिने लिहिलं: "दोन बुरश्या. एक, नियोफ्युसिकॉकम? दोन, डिप्लोडिया?" आणि मी खाली सही केली.

करपा नाही एवढं मात्र तेव्हाच पक्कं झालं होतं. करप्याची बुरशी, कोलेटोट्रायकम, अशा बंद घागरी, म्हणजे आत बीजाणू भरलेले उंचवटे, करत नाही. तिची बशीसारखी उघडी फोडं असतात, दमट हवेत त्यांवर नारिंगी-गुलाबी चिकटा येतो, आणि बीजाणू सरळ नळीसारखे, साधारण 12 ते 17 मायक्रॉन लांब आणि जेमतेम 3.5 ते 6 रुंद. आमच्याकडे तसं काहीच नव्हतं. मध्येच एका स्लाइडवर पेस्टालोशिऑप्सिसचा एकुलता बीजाणू सापडला. पाच पेशी, मधल्या तीन तपकिरी, टोकाला मिशांसारखे केस. इतका देखणा की मुलीला वाटलं हाच आरोपी. एक बीजाणू म्हणजे वाटसरू. काटकीवर त्याचं घर सापडलं पाहिजे.

दोन दिवस वहीतली नोंद तशीच राहिली. जून लागला होता, प्रवेशांची धांदल होती. एका संध्याकाळी वही चाळताना मी सवयीने लांबीला रुंदीने भागलं. माझं उत्तर 1.9. तिचंही 1.9.

नियोफ्युसिकॉकमचे बीजाणू सडपातळ, चातीसारखे असतात. लांबी रुंदीच्या सुमारे तिप्पट. 1.9 त्यात बसत नाही. आणि दोन अगदी वेगळ्या बुरश्यांचं गुणोत्तर इतकं तंतोतंत जुळावं हा योगायोगही जरा जास्तच. गुणोत्तराची गंमत अशी की त्याला मायक्रॉन लागत नाहीत. मोजपट्टी चुकीची असली तरी लांबी आणि रुंदी दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकतात, भागाकार बरोबरच राहतो. म्हणजे बीजाणू लहान नसावेत, पट्टी चुकली असावी.

आयपीसमधल्या काचेवर जी बारीक पट्टी असते, ऑक्युलर मायक्रोमीटर, तिच्या एका घराला स्वतःचं असं माप नसतं. मंचावर दुसरी पट्टी ठेवायची, एक मिलिमीटरचे शंभर भाग केलेली, म्हणजे प्रत्येक भाग 10 मायक्रॉन, आणि दोन्ही जुळवून बघायच्या. हे प्रत्येक मायक्रोस्कोपला आणि प्रत्येक भिंगाला वेगळं करावं लागतं. आमच्या भिंतीवर एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला आहे: "40 एक्स: 1 घर = 1.75." तो जुन्या मायक्रोस्कोपचा. नवीन आला तेव्हा कागदावर "जुना" असं कोणी लिहिलं नाही. "कोणी" म्हणजे मीच, प्रयोगशाळेची जबाबदारी माझ्याकडे आहे.

नव्यावर पट्टी लावून बघितली. पट्टीची 40 घरं बरोबर 100 मायक्रॉनवर बसली, म्हणजे एक घर 2.5. तिच्या वहीतली घरांची मूळ संख्या सुदैवाने लिहिलेली होती, लांबी 9 ते 12 घरं, रुंदी 5 ते 6. नव्याने गुणलं: 22.5 ते 30 लांब, 12.5 ते 15 रुंद, सरासरी 26 आणि 13.5. माझ्या तपकिरी बीजाणूंचेच आकडे. तिने फक्त गुणाकाराचं उत्तर लिहून घरं खोडली असती तर आम्ही अजूनही दोन बुरश्या शोधत बसलो असतो.

आकार एक म्हणून बुरशी एक, असं मात्र होत नाही. रंगहीन आणि तपकिरी एकाच घरातून निघतात हे डोळ्यांनी बघायला हवं होतं, आणि त्यासाठी उंचवट्याचा काप घेणं भाग होतं.

हे काम हातानेच करावं लागतं, आणि शिकवून येत नाही. काटकी रात्रभर ओल्या कागदात ठेवून साल मऊ केली. गाजराच्या तुकड्याला खाच पाडली, तिच्यात उंचवट्यासकट सालीची चिपटी बसवली आणि दाढीचं नवं ब्लेड मधोमध मोडून गाजर आणि साल एकत्र कापायला घेतली. ब्लेड ओलं ठेवायचं, आपल्याकडे एका झटक्यात ओढायचं, दाबायचं नाही. वीस काप पाण्याच्या बशीत पाडले की त्यातले दोन कामाचे निघतात. एक तरी इतका पातळ हवा की पाण्यात तरंगताना दिसेनासा व्हावा. मुलीचा सतरावा काप तसा निघाला.

त्या कापात सगळं होतं. सालीत रुतलेली काळ्या जाड भिंतीची घागर, म्हणजे पिक्निडियम, वर निमुळतं तोंड, बाहेरून तीच करडी लव. आतल्या भिंतीला चिकटून दाटीने उभ्या पेशी, त्यांच्या टोकाला तयार होणारे रंगहीन बीजाणू, आणि बीजाणूंच्या मधून वर डोकावणारे बारीक रंगहीन धागे. ह्या धाग्यांना पॅराफिसिस म्हणतात. डिप्लोडियात ते नसतात, त्यामुळे माझ्या पुडीला दिलेलं ते नाव तिथल्या तिथे बाद झालं. घागरीच्या पोटात बहुतेक सगळे बीजाणू रंगहीन, पण तोंडाशी अडकलेल्या गर्दीत तिन्ही अवस्था शेजारी शेजारी: पूर्ण रंगहीन, चहाच्या पाण्याएवढा रंग चढलेले, आणि गडद, पडदा आलेले.

म्हणजे ती तरुण बीजाणू बघत होती आणि मी म्हातारे. ह्या बुरशीचे बीजाणू घागरीत बराच काळ रंगहीनच राहतात. रंग आणि पडदा येतो तो अनेकदा बाहेर पडल्यावर. तिने तोंडातला थेंब घेतला होता, मी बाहेर सांडलेली पूड.

राहिली शेवटची खूण. गडद बीजाणू शंभर पटीच्या भिंगाखाली, तेलाचा थेंब घालून बघितला. मध्यावर फोकस केला की कडा काळी आणि मधला पडदा स्पष्ट, बाकी काही नाही. फाइन नॉब केसभर फिरवून बीजाणूच्या वरच्या पृष्ठावर आलं, आणि लांबीच्या दिशेने उभ्या रेघा उमटल्या. बडीशेपेचा फुगीर दाणा जवळून बघावा तशा. ह्या रेघा म्हणजे भिंतीच्या आतल्या बाजूला पट्ट्यापट्ट्यांनी साचलेलं मेलॅनिन, म्हणजे गडद रंगद्रव्य. नॉब आणखी केसभर, की रेघा गेल्या. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात रेघा आणि पडदा एकदम काढलेले असतात, म्हणून विद्यार्थी एकाच फोकसवर दोन्ही शोधतात आणि "रेघा नाहीत" असं लिहून मोकळे होतात.

जाड भिंतीचे मोठे बीजाणू, वयानुसार तपकिरी आणि द्विपेशीय, उभ्या रेघा, आणि सोबत पॅराफिसिस. हा संच लॅसिओडिप्लोडियाचा. नावातला "लॅसिओ" ग्रीक, अर्थ केसाळ. डब्यात चढलेली उंदराच्या रंगाची लव आठवा.

आंब्याच्या रोगांच्या याद्यांमध्ये ही बुरशी बहुतेकदा बोट्रिओडिप्लोडिया थिओब्रोमी ह्या जुन्या नावाने भेटते. पातुयार ह्या फ्रेंच अभ्यासकाने 1892 मध्ये इक्वेडोरमधल्या कोकोवरून तिला ते नाव दिलं. थिओब्रोमा म्हणजे कोकोचं झाड. 1909 मध्ये ग्रिफाँ आणि मोब्लाँ ह्यांनी ती लॅसिओडिप्लोडियात हलवली. शिवाय तिच्या लैंगिक अवस्थेला बोट्रिओस्फेरिया ऱ्होडिना असं वेगळंच नाव होतं. एका बुरशीला अवस्थेनुसार दोन नावं ही सोय 2011 च्या मेलबर्नच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत बंद झाली. आमच्या वहीतला घोळ त्या मानाने किरकोळ, दोन आठवड्यांत मिटला.

जातीचं नाव लिहिताना मात्र हात आखडता घेतला. 2008 मध्ये ह्याच बुरशीच्या गोतावळ्यातून लॅसिओडिप्लोडिया स्यूडोथिओब्रोमी वेगळी काढली गेली, ती मुख्यतः डीएनएच्या आधारावर. तिचे बीजाणू सरासरीने थोडे मोठे, पण दोघींच्या मापांची सरमिसळ इतकी की एका काटकीवरून सांगणं धाडसाचं. त्यानंतर ह्या प्रजातीत, म्हणजे लॅसिओडिप्लोडिया ह्या जीनसमध्ये, आणखी बऱ्याच जातींची भर पडली आहे. मायक्रोस्कोप प्रजातीपर्यंत खात्रीने नेतो, पुढे जनुकांचे तुकडे वाचावे लागतात. म्हणून वहीत "लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी, व्यापक अर्थाने" असं लिहिलं. मुलीला ते शेपूट आवडलं नाही. मला आवडतं.

दादाला ह्यातलं काहीच नको होतं. त्याचा प्रश्न सरळ होता: "हिनेच फांदी मारली काय?" आणि तो बरोबर होता. मेलेल्या काटकीवर बुरशी सापडणं म्हणजे मढ्यावर माशी सापडण्यासारखं, तिनेच मारलं असं होत नाही. इथे त्या अर्ध्या जिवंत काटक्या कामी आल्या. जिवंत आणि तपकिरी लाकडाच्या सीमेवरचे वीस तुकडे सोडियम हायपोक्लोराइटने वरून निर्जंतुक केले आणि बटाटा-डेक्स्ट्रोज अगारवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या खाद्याच्या बशीत, ठेवले. चौदा तुकड्यांतून एकच बुरशी आली. आधी पांढरी कापसासारखी, मग राखी, मग काळी, आणि वेग असा की चौथ्या दिवशी बशी भरून झाकणाला टेकली. फळांच्या देठाजवळच्या गरातूनही तशीच आली. बशीत ती लवकर घागरी धरत नाही, म्हणून निर्जंतुक केलेल्या आंब्याच्या काटक्या साध्या अगारवर ठेवून तिला खिडकीच्या उजेडात वाढवलं. तीन आठवड्यांनी तेच बीजाणू, त्याच रेघा, काटकीवाल्या वाढीतही आणि फळवाल्या वाढीतही.

शेवटी ताज्या निरोगी डहाळ्या पाण्याच्या बाटल्यांत ठेवून, सालीला चीर देऊन त्यात वाढीचा तुकडा बसवला. आठ दिवसांत चिरेच्या वर-खाली तपकिरी पट्टा पसरला. नुसती चीर दिलेल्या डहाळ्यांवर जखम सुकली, बाकी काही नाही. तोडलेली डहाळी मुळात दुबळी असते, त्यामुळे हा पुरावा अर्धा धरायचा. पण ही बुरशी तशीच आहे. ती धडधाकट झाडात महिनोन्‌महिने गुपचूप बसते आणि झाड पाण्याने, उन्हाने किंवा खोडकिड्याने मेटाकुटीला आलं की हातपाय पसरते. देठातून फळात शिरलेली ती फळ पिकेपर्यंत दिसतही नाही, म्हणून पेटी बागेतून निघते तेव्हा फळ साफ असतं आणि पुण्यात काळं होतं.

दादाला फोनवर एवढंच सांगितलं: मेलेली फांदी खाली तीन-चार बोटं निरोगी लाकूड घेऊन छाट, कापावर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लाव, दर कापानंतर कोयती पुसून घे, खोडकिडा बघ. आणि छाटताना चष्मा लाव. हीच बुरशी क्वचित माणसाच्या डोळ्यातही वाढते, काडी लागून जखम झाली तर. ह्या शेवटच्या वाक्याने तो जितका गंभीर झाला तितका आधीच्या कशाने झाला नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत बागेत गेले. छाटणी नीट झाली होती, कापांवर निळी पेस्ट होती. सगळ्यात जास्त शेंडे वाळलेली सहा-सात कलमं कुंपणाच्या एका कोपऱ्यात होती, आणि त्यांच्या मधोमध माझ्या खांद्याएवढा काटक्यांचा ढीग. दोन वर्षांच्या छाटणीचा. सरपणाला म्हणून ठेवलेला. एक काटकी उचलून अंगठा फिरवला, अंगठा काळा झाला. ती पूड कागदाच्या पुडीत बांधून पुण्याला आणली. स्लाइडभर गडद, दोन पेशींचे, रेघांचे. तरुण एकही नव्हता.

पुडीवर तारीख, झाड, गाव आणि ढिगाची जागा लिहिली. पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचं आजरेकर हर्बेरियम, म्हणजे सुकवलेल्या नमुन्यांचा संग्रह, आहे. तिथली पाकिटं बघितल्यापासून तारीख आणि जागा न लिहिलेली पुडी मी कपाटात जाऊ देत नाही.

ढिगाचं दादाला तिथेच सांगितलं होतं. तो थोडा वेळ बघत उभा राहिला, मग म्हणाला, "म्हणजे मी बी पेरतोय की काय?" दुसऱ्या दिवसापासून त्या सुट्टीभर न्हाणीतल्या चुलीवर पाणी सकाळ-संध्याकाळ कढत होतं, आणि वहिनी विचारत होती, इतकं गरम पाणी हवंय कुणाला.